पिन टाकेपर्यंत पैसा हलत नाही

"ताई, फोनवरून पैसे कसे पाठवायचे ते आईला दहादा दाखवलं तरी ती परत तेच विचारते. माझा आवाज चढतो, मग रात्रभर मलाच वाईट वाटतं." ही तक्रार घेऊन कितीतरी मुलं-मुली माझ्याकडे येतात. त्यांच्यासाठी वडोदऱ्यातला हा अनुभव सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दांडिया बाजारातल्या या काकू 71 वर्षांच्या. काका गेले आणि बँकेचं सगळं त्यांच्या अंगावर आलं. मुलाने नवा फोन आणून युपीआय सुरू करून दिलं, पण तीन महिन्यांत काकूंनी एक रुपयाही पाठवला नाही.

मी दोघांना समोर बसवलं. मुलाला म्हटलं, घरी शिकवतोस तसंच शिकव. पाच मिनिटांत त्याने आईच्या हातातून फोन तीनदा काढून घेतला. "अगं आई, तसं नाही, दे इकडे." काकूंचं लक्ष फोनकडे नव्हतंच, त्या मुलाच्या कपाळावरच्या आठ्या बघत होत्या.

आणखी एक दिसलं. मिक्सरचं बटण दाबावं तसं त्या स्क्रीनवर बोट जोराने दाबून धरत. त्यामुळे भलताच मेनू उघडे आणि त्या घाबरून फोन उलटा ठेवत. ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये बोट किती वेळ टेकवलं की 'दाबून धरलं' समजायचं, ती वेळ वाढवता येते. आम्ही ती वाढवली, अक्षरं मोठी केली. फोनची भाषा काकूंनी गुजराती निवडली. मुलाला नवल वाटलं, पण पोथी मराठीत वाचणाऱ्या काकू बाजारहाट आणि हिशेब जन्मभर गुजरातीतच करत आल्या आहेत.

मग मुलाला बाहेर बसवून मी काकूंना विचारलं, भीती कशाची वाटते? त्या हळूच म्हणाल्या, "चुकीचं बटण दाबलं गेलं तर पैसे जातील ना?" हा प्रश्न त्यांनी मुलाला कधी विचारलाच नव्हता, आणि त्यानेही त्यांना कधी विचारलं नव्हतं. विसरभोळेपणा नव्हताच. जीव मुठीत धरून शिकणाऱ्याच्या डोक्यात काही टिकत नाही.

मी सांगितलं, पिन टाकेपर्यंत पैसा हलत नाही. तोवर कुठेही शिरा, मागे या. पिन टाकण्याआधी नाव आणि रक्कम वाचा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी मागितला तर फोन ठेवून द्या. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही. मुलाला सांगितलं, पिनशिवाय पैसे जाण्याची सोय, म्हणजे युपीआय लाइट वगैरे, आईच्या फोनवर सुरू करू नकोस. युपीआयला जोडलेल्या खात्यात दोन हजारच ठेव. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा क्रमांक फोनच्या मागे चिकटव. आणि शिकवताना हात मागे बांधून बस.

हे शेवटचं त्याला सर्वांत जड गेलं. पहिल्या आठवड्यात रोज दहा रुपये आईने त्याला पाठवायचे, एवढंच ठरलं.

दीड महिन्याने काकू आल्या. खंडेराव मार्केटमध्ये मेथी घेऊन कोड स्कॅन केला, तर स्क्रीनवर भाजीवालीऐवजी कुणा पुरुषाचं नाव. मागे रांग होती, तरी त्या थांबल्या. "आ कोण छे?" विचारलं. तो तिचा मुलगा निघाला. मग काकूंनी पिन टाकला.