पंचवीसचे बावन्न का होतात?

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. गणिताचा तास आला की तू शिकवतेस त्या तिसरीतली निम्मी मुलं मान खाली घालतात, दोघी-तिघींचं नेमकं तेव्हाच पोट दुखतं, आणि एक मुलगा पंचवीस सांगितलं की हमखास ५२ लिहितो, असं तू कळवलंस. 'ही मुलं कच्चीच आहेत' असं तुला शाळेतल्या जुन्या मंडळींनी सांगितलं. ते मनावर घेऊ नकोस. आधी त्या ५२ कडे नीट बघ.

तुझी शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. मुलगा घरी तेलुगू बोलतो. तेलुगूत पंचवीसला 'इरवै ऐदु' म्हणतात, म्हणजे आधी वीस, मग पाच. त्याच्या बाकावरच्या कानडी मुलीच्या घरी 'इप्पत्तैदु', तिथेही वीसच आधी. आकड्यात आपणही २ आधी लिहितो आणि ५ नंतर. मराठीत बोलताना मात्र पाच आधी कानावर पडतात. त्यानं ऐकलं त्या क्रमानं लिहिलं, म्हणजे त्याचं लक्ष होतं! एकोणतीस, एकोणचाळीस तर याहून अवघड. तीस ऐकायचे आणि २९ लिहायचे. तिथं घरी मराठी बोलणारी मुलंही अडखळतात.

२०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात नेहमीच्या संख्यानावांच्या जोडीला 'वीस पाच' अशी रीत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला. मला ती रीत मनापासून पटते. काही आठवडे दोन्ही म्हणू दे: पंचवीस, वीस आणि पाच. दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या त्याच्या हातात दे. आणि एक दिवस त्यालाच पुढं बोलावून सगळ्या वर्गाला तेलुगूत वीसपर्यंत मोजायला शिकवू दे. दुसऱ्या दिवशी कानडीत, मग उर्दूत. शिकवायची भाषा मराठीच राहील, पण घरून आणलेले आकडे दाराबाहेर काढून ठेवावे लागतात असं कुणा लेकराला वाटता कामा नये.

मला तुला खरं सांगायचंय ते एवढंच: चुकलेल्या उत्तरामागे मुलाचा काहीतरी विचार असतो, तो कळेपर्यंत लाल शाई बाजूला ठेव. ५२ वजा २७ बरोबर ३५, असं तुझ्या वह्यांमध्ये सापडेलच. मुलानं सातातून दोन काढले, पाचातून दोन काढले. का? कारण 'लहानातून मोठा जात नाही' हे वाक्य आपणच वर्गात पन्नास वेळा म्हणतो. त्यानं ते इमानानं पाळलं. आता नुसती फुली मारलीस तर आपण बाईंचं ऐकलं तरी चुकलो, एवढंच त्याला कळेल. त्यापेक्षा 'हे कसं केलंस, सांग बरं' म्हण. पण हा प्रश्न बरोबर उत्तर देणाऱ्यालाही विचारायचा, रोज. फक्त चुकलं तेव्हाच विचारलंस तर आठवड्याभरात मुलं ओळखतात, 'कसं केलंस' म्हणजे चुकलं.

पोटदुखीला नाटक म्हणू नकोस. हातचा, पाढा, पुढची पायरी हे सगळं डोक्यात एकाच वेळी धरून ठेवायला जी जागा लागते, तीच भीती अडवून बसते. म्हणून घरी येणारं उदाहरण फळ्यासमोर येत नाही. आणि भीती वाढते ती घाईनं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांब येतात, गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. करून बघ, ते तीन सेकंद फार मोठे वाटतात. पाढ्यांची शर्यत मात्र आजपासून बंद कर. पाढे हवेतच, रोज हवेत. घड्याळ लावून, चारचौघांत उभं करून नकोत. हुशारांचा बाक आणि कच्च्यांची रांगही मोडून टाक.

'मुलींना गणित कुठं झेपतं' किंवा 'मलाही गणित नावडतंच' हे वर्गात चुकूनही बोलू नकोस. सिअन बायलॉक आणि सहकाऱ्यांचा २०१० चा अमेरिकेतला अभ्यास पहिली-दुसरीच्या वर्गांचा होता. बाईंना स्वतःलाच गणिताची धास्ती असेल, तर वर्षअखेरीस 'गणित मुलग्यांचं' असं मानणाऱ्या मुली वाढलेल्या दिसल्या, आणि त्याच मुली गणितात मागं पडल्या. वर्गातल्या मुलग्यांवर तसा परिणाम दिसला नाही.

आता घरच्या गणिताबद्दल. तुझ्या वर्गातल्या कितीतरी आया विड्या वळतात. हजारावर मजुरी ठरते, मग साडेआठशे भरल्या तर किती, हा हिशेब त्या कागदाशिवाय करतात. असं उदाहरण जरूर घे. सोबत टॉवेलचे डझन घे, रिक्षाचं भाडं घे, चादरीवरच्या नक्षीत दोन्ही बाजू सारख्या कुठं होतात ते शोधायला लाव. पण 'कुणाची आई विड्या वळते, हात वर करा' असं कधीही विचारायचं नाही. एखादी पोर रात्री आईच्या मदतीला बसत असेल तर तिचा गृहपाठ राहणारच. तिला वर्गात बोलू नकोस. घरी जाऊन आईशी बोल. जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा भरला की हजेरी पातळ होते. परत आलेल्यांसाठी आधीचा धडा पुन्हा घे, कारण गणितात एक पायरी राहिली की पुढची हाती लागत नाही.

एवढं करूनही एखाद्या मुलाला कित्येक महिन्यांनंतर ७ मोठे की ९ हे मोजल्याशिवाय कळत नसेल, तर त्याच्या घरच्या भाषेत विचारून खात्री कर आणि मुख्याध्यापकांमार्फत तपासणी करून घे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्कॅल्क्युलियाचाही, म्हणजे आकड्यांची समज येण्यातल्या अडचणीचाही, समावेश आहे. निदान मात्र तज्ज्ञांनीच करायचं, आपण नाव ठेवायचं नाही.

घटक चाचणीचा पेपर काढलास की छपाईआधी मला फोटो पाठव. शाब्दिक उदाहरणांतली मराठी किती अवघड झालीय, ते बघून कळवते.

तुझ्या बाई