वाचक विचारतात : नाइट, चिलखत आणि रूपक

प्रश्न : पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी ख्रिस्ती रूपककथा लिहितोय. सत्यवीर, विश्वासराव, आशाधर असे नाइट (मध्ययुगीन युरोपातले चिलखती घोडेस्वार योद्धे) आहेत, राजा म्हणजे देव. मंडळीतल्या पोरांना वाचून दाखवली तर म्हणाली, "हे त प्रवचन हाय." काय चुकतंय? (अचलपूर)

उत्तर : नावं तर चुकलीच. विश्वासराव डगमगणार नाही हे पहिल्याच ओळीत कळलं, तर पोरं पुढं वाचतील कशाला? पण नुसती नावं बदलून भागायचं नाही. अर्थ घटनेच्या पोटात हवा.

इंग्रज कवी एडमंड स्पेन्सरच्या 'फेअरी क्वीन' या रूपककाव्याचा (1590) पहिला खंड बघा. त्याचा नायक रेडक्रॉस नाइट. त्याच्या अंगावरचं चिलखत म्हणजे पौलाने बायबलातल्या इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात सांगितलेली शस्त्रसामग्री, असं स्पेन्सरनेच सर वॉल्टर रॅलेला लिहिलेल्या पत्रात म्हटलंय. काव्यात मात्र दमलेला नाइट चिलखत उतरवून झऱ्याकाठी बसतो, तिथलं पाणी पितो, अंगातलं बळ जातं आणि नेमका तेव्हाच ऑर्गोग्लिओ राक्षस येऊन त्याला कैद करतो. दमलेला माणूस लोखंड उतरवणारच, त्यात खोटं काही नाही. म्हणूनच तो प्रसंग बोचतो.

वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे काय घडतं ते लिहा, उजवीकडे त्याचा अर्थ. मग उजवी बाजू झाकून नुसती डावी वाचा. कंटाळा आला तर प्रसंग काढून टाका, अर्थ कितीही थोर असो. उजवीकडचं एकही वाक्य पात्राच्या तोंडी घालू नका, म्हाताऱ्या साधूच्या तर नाहीच. प्रत्येक पुलाला आणि घोड्याला अर्थ चिकटवायची गरज नाही; दीडशे पानांत तीन-चार रूपकं पुरतात. खलनायक जे देऊ करतो ते वाचणाऱ्या पोरालाही घ्यावंसं वाटलं पाहिजे, नाहीतर नकार देण्यात कसली आली मर्दुमकी? आणि शेवटच्या प्रकरणात राजाने येऊन सगळं निस्तरलं, तर आधीची लढाई वाया गेली.

आपला वाचक रूपकाला नवखा नाही. महानुभाव पंथाचं रिद्धपूर तुमच्याच जिल्ह्यात. त्या पंथाच्या 'दृष्टांतपाठा'त चक्रधरांचे 114 दृष्टांत आहेत. त्यातला हत्ती आणि आंधळ्यांचा शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. तिथं दृष्टांतामागून दार्ष्टान्तिक, म्हणजे उलगडा येतो. शिकवणीच्या ग्रंथात तो शोभतो. कादंबरीत गाळा.

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा नाइट चिलखतासकट पळतो, घोड्यावर चढतो, नदी पोहून जातो. पटेल का? चिलखताचे भाग कोणते लिहावेत? (दिग्रस)

उत्तर : पळेल, चढेलही. पोहणं काढून टाका. 15व्या शतकातलं पूर्ण पोलादी चिलखत साधारण 20 ते 25 किलोचं. वजन अंगभर वाटलेलं असल्याने सवयीचा माणूस त्यात कोणाच्या मदतीशिवाय घोड्यावर बसे. त्रास वजनापेक्षा उष्म्याचा आणि शिरस्त्राणातून कमी दिसण्याचा. आत जाड रजईसारखा अंगरखा, त्याला वाद्यांनी, म्हणजे बंदांनी, भाग बांधायचे. सुरुवात पायांपासून, मग धड, हात, आणि शिरस्त्राण सगळ्यात शेवटी. एकट्याने हे नीट जमत नाही, त्यामुळे मदतनीस लागतोच.

तुमचा नायक तिथंच सापडेल. सातव्या वर्षाच्या सुमारास पोरगा सरदाराच्या घरी कामाला लागे, चौदाव्याच्या आसपास शस्त्रवाहक होई आणि नाइट साधारण एकविसाव्या वर्षी. सोळाव्या वर्षी तो दुसऱ्याच्या वाद्या बांधत असणार. घाईत एक वादी सैल राहिली, एवढ्यावर अख्खं प्रकरण उभं राहतं.

पौलाची यादी अशी : सत्याचा कंबरपट्टा, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, शांतीच्या सुवार्तेची पादत्राणं, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आत्म्याची तलवार. त्याच्या डोळ्यासमोर रोमन शिपाई होता, नाइट नव्हे. 15व्या शतकात पोलादी चिलखत आल्यावर नाइट बहुधा ढाल बाळगेनासे झाले. ढाल हवी असेल तर कथा 12व्या-13व्या शतकासारख्या काळात ठेवा, लोखंडी कड्या गुंफलेल्या चिलखतात. असं चिलखत खांद्यांवर लोंबतं. कंबरपट्टा आवळला की काही भार कमरेवर येतो. पट्टा विसरलेल्या पोराचे खांदे दुपारपर्यंत भरून येतील, मग सत्यावर वेगळं भाष्य कशाला?

यादीत पाठीसाठी काहीच नाही. जॉन बन्यनने 1678च्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' या रूपककथेत हे नेमकं उचललं : अपोल्योन हा सैतानी राक्षस समोर येतो तेव्हा पाठीला चिलखत नाही म्हणून त्याचा यात्रेकरू पळत नाही. हरी केशवजींनी त्याचं मराठी 'यात्रिकक्रमण' 1841 सालीच केलं.

प्रश्न : नाइट थेट गाविलगडावर आणले तर? (परतवाडा)

उत्तर : आणा, पण हवामान आपलं ठेवा. मे महिन्यात दुपारी लोखंडाला उघडा हात लागला की चटका बसतो. स्वारी पहाटे आणि दिवस कलल्यावरच. उन्हाळ्यात सागाची पानं झडलेली असतात, लांबून माणूस दिसतो, म्हणजे दबा धरायला जागा नाही. श्रावणात त्याच रानात दहा पावलांवरचं दिसत नाही. गडाखालच्या काळ्या वावरातून पावसाळ्यात चिलखती घोडा दौडवू नका, चिखलात रुतेल. घोड्याची दिवसाची मजल 30-40 किलोमीटर धरा आणि रोज 30 लिटरच्या आसपास पाणी. एवढं पाणी वाटेत कुठं मिळेल ते नकाशावर आधी मांडा.