सरपणासाठी चेनसॉ किती मोठा घ्यावा?

प्रश्न : सरपणासाठी दीड फूट जाडीचे ओंडके कापायचे आहेत. सर्वांत लांब पट्टीचा (जिच्यावर साखळी फिरते ती), पेट्रोलवरचा चेनसॉ म्हणजे साखळी-करवत घेऊ का?

उत्तर : नको. तुमच्या कामाला ५० ते ६० सीसीचं इंजिन आणि १८ इंची पट्टी भरपूर झाली. लहान इंजिनावर २२ इंची पट्टी चढवली की साखळी लाकडात अडखळते, इंजिन तापतं.

दुकानात यंत्र हातात धरून बघा. वजनाने मनगट लवकर भरून येतं आणि थकल्या हातानेच अपघात होतात. चेन ब्रेक नसेल तर ते यंत्र घेऊच नका. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की यंत्र उसळून अंगावर येतं; तेव्हा फिरती साखळी झटकन थांबवतो तो हा ब्रेक.

बहुतेक टू-स्ट्रोक इंजिनांना लिटरभर पेट्रोलमागे २० मिली टू-स्ट्रोक ऑइल लागतं, तरी माहितीपुस्तिकेतलं प्रमाणच पाळा. साखळीचं तेल वेगळं असतं. पेट्रोल भरताना तेही दरवेळी भरा, नाहीतर पट्टी जळते.

कापताना चिपांऐवजी बारीक भुसा पडू लागला, तर साखळी बोथट झाली आहे. जोर लावू नका, कानस फिरवा. ०.३२५ इंच पिचच्या (पिच म्हणजे कड्यांमधलं अंतर) साखळीला सहसा ४.८ मिमीची गोल कानस लागते. ती यंत्रासोबतच घ्या.