एमजीबी घ्यायची? आधी दोघंही बसून पाहा, मग पैशांचं बोलू

नागपूरच्या मनीषनगरहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं: "वय ५३. वीज कंपनीत अभियंता आहे, ५८ ला निवृत्ती, पेन्शन नाही. पत्नी ५१ वर्षांची, अनुदानित शाळेत शिक्षिका. तिची नेमणूक २००५ च्या आधीची असल्यामुळे तिला जुनी पेन्शन मिळेल. घराचं कर्ज फिटलं. म्युच्युअल फंडात ५२ लाख, पीएफमध्ये ४४ लाख, एफडी १६ लाख, महिन्याची एसआयपी ३० हजार. घरखर्च ८० हजार. मुलगी इंजिनीअरिंगला आहे, दोन वर्षांनी तिच्या एमएससाठी ३० लाख लागतील. कॉलेजपासून उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कारचं वेड आहे. पुण्यात १९७२ ची लाल एमजीबी पाहिली, मालक २२ लाख म्हणतो. १० लाख फंडातून आणि १२ लाख एफडीतून काढून घ्यावी का? अकोल्यात सॅन स्टॉर्म ही देशी उघडी गाडी साडेपाच लाखांना आहे, तीही मनात आहे. उंची ६ फूट १ इंच, मागे एकदा कमरेचा मणका सरकला होता. पत्नीचे गुडघे दुखतात. गाडी फक्त शनिवार-रविवारी चालवायची आहे."

तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती शेवटची ओळ, म्हणजे मणका आणि गुडघे. पैशांचा हिशेब मांडतोच, पण या व्यवहारात पैसे बुडाले तर ते बहुधा शरीरामुळे बुडतील. रामदासपेठेतल्या माझ्या एका अशिलानं जुनी दोन सीटची गाडी घेतली. पहिल्या हिवाळ्यात दर रविवारी काढली. मग पाठ धरू लागली, दोन रविवारांचं अंतर वाढत गेलं आणि शेवटी गाडी कव्हरखाली गेली. बॅटरी उतरली, टायर एकाच जागी दबून चपटे झाले, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकटलं. विकायला काढली तेव्हा विदर्भात गिऱ्हाईक मिळेना आणि मुंबईच्या दलालानं भाव पाडून मागितली. अशा गाड्यांचा बाजार लहान असतो. घाईनं विकणाऱ्याला तिथे भाव मिळत नाही.

म्हणून पुण्याला जाताना चेकबुक घरी ठेवा आणि वहिनींना सोबत न्या. एमजीबी ही १९६२ ते १९८० या काळात बनलेली ब्रिटिश गाडी. त्या काळच्या छोट्या स्पोर्ट्स कारांमध्ये पाय पसरायला तिच्यात बरीच जागा आहे, उंच माणसाला एमजीच्याच छोट्या मिजेट गाडीपेक्षा ती कितीतरी सोयीची. तरीही तुमच्या उंचीला दोन जागी अडचण येऊ शकते. एक, स्टिअरिंग आणि मांडी यांच्यातलं अंतर. स्टिअरिंग वर-खाली होत नाही, त्यामुळे क्लच पूर्ण दाबून पाय वर घेताना गुडघा चाकाला लागतो का ते बघा. दुसरी अडचण काचेच्या वरच्या पट्टीची. जुन्या सीटांना नवं कापड घालताना कारागीर बरेचदा जाड फोम भरतात. बसणारा इंचभर वर येतो आणि ती पट्टी नेमकी डोळ्यांसमोर येते. मग माणूस सगळा रस्ता मान खाली घालून चालवतो, आणि तुमच्या मणक्याला तेच नको आहे. पातळ फोम, सीटच्या रुळांखालच्या पट्ट्या काढणं, थोडं लहान स्टिअरिंग, हे तिन्ही उपाय स्वस्तातले आहेत. मात्र त्यांनी किती फरक पडेल हे बसल्याशिवाय कळणार नाही.

टप लावून बसा आणि उघडूनही बसा. पातळ तळाचे, अरुंद बूट घाला. पेडल जवळजवळ असतात, जाड स्पोर्ट्स शूजमध्ये ब्रेकसोबत ॲक्सिलरेटरही दाबला जातो. पाच वेळा उतरा, पाच वेळा चढा. गाडी इतकी ठेंगणी आहे की उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो, म्हणून वहिनींनीही हे करायलाच हवं. मग निदान पाऊण तास चालवा, त्यात गर्दीचा रस्ता असू द्या. पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही, क्लच जड. त्या रात्री पुण्यातच मुक्काम करा आणि सकाळी उठल्यावर कंबर काय म्हणते ते ऐका. मालकानं एवढं करू दिलं नाही तर तिथेच विषय संपवा. तुमच्या हाडांच्या डॉक्टरांनाही एकदा विचारून घ्या.

आता पैसे. एमएसचे ३० लाख बाजूला काढले की फंडात २२ लाख उरतात. चालू एसआयपीसह १० टक्के वाढ धरली तर तुमच्या ५८ व्या वर्षी तिथे ५८ लाखांच्या आसपास होतील. पीएफ सध्याच्या ८.२५ टक्क्यांनी आणि दरमहाच्या कपातीसह ८० लाखांच्या घरात जावा. ग्रॅच्युइटी धरून एकूण १ कोटी ५५ ते ६० लाख. महागाई ६ टक्के धरली तर आजचे ८० हजार तेव्हा १ लाख ७ हजार होतील. वहिनी निवृत्त झाल्यावर त्यांची पेन्शन त्यातला साधारण अर्धा भार उचलेल असं मी धरतो. त्यांच्या मुख्याध्यापकांकडून किंवा शाळेचे पगार काढणाऱ्या वेतन पथकाकडून अंदाज काढून मला कळवा. उरलेल्या अर्ध्यासाठी १ कोटी ६५ लाख ते १ कोटी ८५ लाख जवळ असावेत. म्हणजे तुमची तयारी चांगली आहे, पण थोडी तोकडी. त्यातून २२ लाख काढण्याइतकी सैल नाही.

फंडातले १० लाख तर काढूच नका. १० टक्क्यांनी निवृत्तीपर्यंत त्यांचे १६ लाख होतात. शिवाय त्या १० लाखांत ५ लाख नफा असेल तर सव्वा लाखाची सूट वजा जाऊन उरलेल्यावर साडेबारा टक्के कर लागेल, म्हणजे ४६,८७५ रुपये आणि वर सेस. मुलीच्या फीसाठी फंड काढाल तेव्हा हे लक्षात ठेवा. काही युनिट्स मार्चमध्ये आणि काही एप्रिलमध्ये विकली की सव्वा लाखाची सूट दोन्ही वर्षांत मिळते. आणि गाडी राहू द्या, हे आधी करा: एमएसचे ३० लाख अजून शेअर फंडात असतील तर आतापासून टप्प्याटप्प्यानं डेट फंडात किंवा एफडीत हलवा. दोन वर्षांनी बाजार पडलेला असला तर विद्यापीठ फीसाठी थांबणार नाही.

एफडीतून १२ लाख गेले तर हाताशी ४ लाख उरतात, म्हणजे पाच महिन्यांचा घरखर्च. तेही नको. हप्त्यावर तर गाडी मुळीच नको.

गाडीची किंमत ही फक्त सुरुवात असते. एमजीबीला वेगळी चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट नाही, दारांखालचे पत्र्याचे पोकळ भागच सगळा भार पेलतात. तिथे गंज असेल आणि वरून पुट्टी लावून रंग मारला असेल तर गाडी फोटोत सुंदर दिसते आणि आतून पोखरलेली असते. लोहचुंबक सोबत न्या, पुट्टीवर तो चिकटत नाही. पहिल्या वर्षी ३ लाख डागडुजीला लागतील असं धरा. सुटे भाग इंग्लंडमध्ये अजून सहज मिळतात, पण मागवताना वाहतूक आणि कस्टम ड्युटी लागते. आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं त्या काळचे रबरी पाइप आणि वॉशर खराब होतात, ते सगळे बदलावे लागतील. इंजिन १,७९८ सीसीचं, म्हणजे थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ता ७,८९७ रुपये. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा वेगळा, आणि तिची किंमत कंपनीशी बोलून आधीच लेखी ठरवून घ्या, नाहीतर दाव्याच्या वेळी वाद होतो. मनीषनगरच्या फ्लॅटखाली उघडं पार्किंग असेल तर बंद गॅरेज भाड्यानं घ्यावं लागेल. पेट्रोल, मिस्त्री, विमा, गॅरेज मिळून वर्षाला १ लाख ४० हजार हा माझा अंदाज आहे.

पाच वर्षांत २२ अधिक ३ अधिक ७, असे ३२ लाख. विकताना २० मिळाले तरी १२ लाख गेले. नागपुरात उघडी गाडी चालवायचा मोसम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना पहाटे सहाच्या आत परत यावं लागतं आणि पावसाळ्यात जुना टप गळतो. वर्षाला ३० फेऱ्या झाल्या तरी खूप. पाच वर्षांच्या १५० फेऱ्यांना १२ लाख, म्हणजे रामटेकला जाऊन यायचे ८ हजार, आणि त्यात अडकलेल्या पैशांचं व्याज धरलेलंच नाही. हौसेला मोल नसतं हे मी मानतो, पण तुमच्या हौसेचं बिल निवृत्तीच्या पैशांतून फाटणार आहे.

पत्रात तुम्ही लिहिलंय की मालक म्हणतो, "व्हिंटेज नोंदणी करून घ्या, १० वर्षं बघायला नको." इथे नीट लक्ष द्या. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. नव्या नोंदणीला २० हजार, पुनर्नोंदणीला ५ हजार, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या वापराला मनाई आहे. तुमची रविवारची खिंडसीची फेरी त्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढेल. तुम्हाला साधी नोंदणीच चालू ठेवावी लागेल. ऑगस्ट २०२५ च्या दरांनुसार २० वर्षांहून जुन्या आयात मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाला ८० हजार रुपये लागतात, जीएसटी वेगळा, आणि नूतनीकरण दर पाच वर्षांनी. देशात बनलेल्या मोटारीला हाच आकडा १० हजार आहे. वर राज्याचा पर्यावरण कर दोन्हींना. म्हणून आरसीची मुदत कधी संपते ते पहिल्याच फोनवर विचारा.

माझं मत स्पष्ट आहे: २२ लाखांची एमजीबी घेऊ नका. भाव १८ वर आला तरी नको. पण गाडीच घेऊ नका असंही मी म्हणत नाही. "निवृत्तीनंतर बघू" हा सल्ला तुम्हाला घरचे देत असतील, तो मला पटत नाही. ५३ व्या वर्षी ठेंगण्या गाडीत जेवढं सहज बसता येतं तेवढं ६० ला येईलच असं नाही. ही हौस आता पुरवण्याचीच आहे.

एफडीतून सगळं मिळून ८ लाख काढा, ८ लाख म्हणजे दहा महिन्यांचा घरखर्च तिथेच राहू द्या. या मर्यादेत स्टॉर्म बसते. १९९० च्या दशकाच्या शेवटी आपल्याच देशात बनलेली ही दोन सीटची उघडी गाडी. बॉडी फायबर ग्लासची, त्यामुळे पत्रा गंजायची भीती नाही, पण तडे आणि ओबडधोबड डागडुजी बघा, आणि खालची लोखंडी चौकट मात्र जॅकवर उचलून तपासा. इंजिन रेनॉचं, १,१४९ सीसी. इंजिनाचा प्रश्न सुटेल, खास तिच्यासाठी बनलेले काच, दिवे, टप यांचे भाग मिळवणं जड जाईल. ते सगळे जागेवर असलेलीच गाडी घ्या. साडेपाच लाख मागितलेत तर ५ ला ठरवा, दीड लाख दुरुस्तीला आणि दीड लाख पहिल्या वर्षाच्या देखभालीला. पुढच्या वर्षांचा खर्च पगारातून भागवा, एसआयपीला हात न लावता.

अकोल्याला जाऊन पुण्यासाठी सांगितलेली सगळी परीक्षा स्टॉर्मवरही घ्या. ती एमजीबीपेक्षा कमी ऐसपैस वाटली तर नाराज होऊ नका आणि मनाची समजूत घालून घेऊही नका. तसं झालं तर दोन दारांचा हट्ट सोडून जुनी होंडा सिटी व्हीटेक किंवा पालिओ १.६ पाहा. चालवायला दोन्ही तडफदार आहेत, सीट उंच आहे आणि वहिनींना गुडघे न दुखवता उतरता येईल. टप उघडणार नाही, हे दुःख खरं आहे.

पसंत पडली तर विसार २५ हजारांच्या वर देऊ नका आणि तो "कागद पडताळून" असं लिहूनच द्या. चासी आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवा, जुना कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद बघा, थकीत चलनं मालकाकडून भरून घ्या, नवी नंबर प्लेट बसवली आहे का पाहा. अकोल्याची नोंदणी असल्यास तिथल्या आरटीओची एनओसी लागते का ते विचारून घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावरच उरलेली रक्कम बँकेतून द्या, रोखीनं नको. हस्तांतरणानंतर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून घ्या.

वहिनींच्या पेन्शनचा अंदाज आणि दोघांच्या बसण्याचा अनुभव कळवला की मी निवृत्तीचं गणित नव्या आकड्यांनी पुन्हा मांडून देतो.