वॉरंटी संपलेला गेमिंग कन्सोल तापून बंद पडतोय, उघडू का?

तुम्ही लिहिलंय की कन्सोल चार वर्षांचा आहे, वॉरंटी केव्हाच संपली, पंखा सतत घोंघावतो आणि जड गेम लावला की अर्ध्या-पाऊण तासात 'खूप गरम झाला आहे' असा संदेश येऊन तो बंद पडतो. दुरुस्तीचा खर्च ऐकून नवाच घ्यावा असं वाटतंय, आणि स्वतः उघडायची भीतीही वाटते.

नवा घेऊ नका, निदान इतक्यात तरी नाही. तुम्ही सांगितलेली लक्षणं बहुतेक वेळा धुळीची नाहीतर वाळलेल्या थर्मल पेस्टची (चिपची उष्णता पुढे नेणारा लेप) असतात, आणि ही दोन्ही कामं घरच्या टेबलावर होतात. संदेश देऊन बंद पडणं हे तर चांगलं लक्षण आहे. चिपच्या आतले सेन्सर शाबूत आहेत आणि चिप जळू नये म्हणून कन्सोल स्वतःला वेळेत बंद करतोय, असा त्याचा अर्थ.

स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी एक साधी तपासणी करा. नेहमीचा जड गेम लावा, वीस मिनिटं खेळा आणि कन्सोलमधून गरम हवा बाहेर पडते त्या जाळीपाशी हाताचा तळवा धरा. पंखा जोरात फिरतोय पण हवा जेमतेम लागते आणि ती खूप गरम आहे, तर वाट धुळीने अडली आहे. हवा भरपूर येते पण कोमट आहे आणि तरीही कन्सोल तापून बंद होतो, तर चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत, म्हणजे ती ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यापर्यंत, पोहोचतच नाही, दोष पेस्टचा. हवा येतच नाही, तर पंखा गेला. हवा भरपूर आणि गरम दोन्ही असेल, तर आतलं यंत्र आपलं काम करतंय आणि कन्सोलची जागा चुकली आहे: बंद कपाट, टीव्हीखालचा कोनाडा, किंवा बाहेर टाकलेली गरम हवाच पुन्हा आत ओढली जाते आहे.

घड्याळही बघा. अर्धा-पाऊण तास लागत असेल तर बहुधा धूळ. गेम सुरू होऊन दोन-तीन मिनिटांतच बंद पडत असेल तर पेस्ट, किंवा हीटसिंक चिपवर नीट न टेकणं. आणि बटण दाबल्यावर काही सेकंदांतच, यंत्र अजून गार असताना बंद पडत असेल तर तो उष्णतेचा बिघाडच नाही. पॉवर सप्लाय किंवा शॉर्ट असू शकतो, आणि त्याला पेस्ट बदलून काहीही होणार नाही. तुमचं वर्णन पहिल्या प्रकारात बसतं, म्हणून मी इतक्या खात्रीने लिहिते आहे.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे मी हे उत्तर लिहायला बसले. माझा पहिला कन्सोल असाच तापायचा. आत हात घालायचा धीर नव्हता, म्हणून एका दुरुस्ती करणाऱ्याकडे दिला. 'चिपचं सोल्डर सुटलंय' असं सांगून (सोल्डर म्हणजे चिपला बोर्डाशी जोडणारा, वितळवून लावलेला धातू) त्याने मदरबोर्डवरच्या मुख्य चिपवर हीट गन धरली. घरी आणल्यावर कन्सोल छान चालला. तीन आठवड्यांनी चित्रात रंगीत चौकोन दिसायला लागले, आणि एका संध्याकाळी चित्र गेलं ते गेलंच. नंतर मी तो स्वतः उघडला, तेव्हा पंखा आणि हीटसिंक यांच्यामध्ये धुळीची गोधडी जशीच्या तशी होती. मुळात जे काढायला हवं होतं त्याला कुणी हातच लावला नव्हता. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं, आणि अजूनही वाटतं.

त्यामुळे दुकानात द्यायचं ठरवलंत तरी आधी विचारा: चिपला हीट गन लावणार का? उत्तर हो असेल तर कन्सोल उचला आणि परत या. तापून बंद पडणाऱ्या यंत्राला आणखी तापवण्याची ही कल्पना जुनी आहे. २००५च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या एक्सबॉक्स ३६०चे बिघाड दाखवणारे तीन लाल दिवे अनेकांना आठवत असतील. तो बिघाड इतका पसरला की जुलै २००७मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. त्या काळात लोक चालू कन्सोल टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवायचे, कुणी बोर्ड ओव्हनमध्ये घालायचे, आणि कधीकधी कन्सोल खरंच सुरू व्हायचा. तापल्यावर धातू फुगतो, तडा गेलेले जोड पुन्हा एकमेकांना टेकतात, आणि काही दिवसांनी पुन्हा सुटतात. २०२१मध्ये कंपनीने स्वतःच सांगितलं की तुटत होते ते चिपच्या पॅकेजच्या आतले जोड, आणि कारण होतं कन्सोल चालू-बंद होताना पुन्हा पुन्हा तापणं आणि गार होणं. जो जोड बोर्डावर नसून चिपच्याच पोटात आहे, तो बाहेरून गरम हवा मारून कसा सांधणार? शिवाय शिसंविरहित सोल्डर २१७ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. तापमान न मोजता तिथवर जाताना शेजारचे प्लास्टिकचे सॉकेट आणि कॅपॅसिटर (वीज साठवणारे भाग) भाजून निघतात.

तर आता उघडण्याकडे वळू. सगळ्यात आधी सेव्ह केलेले गेम क्लाउडवर, किंवा तुमच्या कन्सोलमध्ये सोय असेल तर यूएसबी ड्राइव्हवर घ्या. हे काम लोक नेहमी 'नंतर करू' म्हणून टाळतात. कृपया टाळू नका, कारण कन्सोल पुन्हा विकत मिळतो, चार वर्षांची सेव्ह फाइल मिळत नाही. मग प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा आणि यंत्र पूर्ण गार होऊ द्या. गालिच्यावर बसून, लोकरी कपडे घालून हे काम करू नका. अर्थिंग असलेल्या धातूला अधूनमधून हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते.

प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्सच्या बहुतेक मॉडेलांना मध्ये भोक असलेला टॉर्क्स टी-८ (सहा टोकांच्या ताऱ्याच्या आकाराचा स्क्रूड्रायव्हर) लागतो, निन्टेन्डो स्विचला तीन पाकळ्यांचा वाय आकाराचा. जवळपासच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर लावून जोर केलात तर स्क्रूचं तोंड घासून जातं, आणि मग अर्धी दुपार त्या एका स्क्रूपायी जाते. योग्य टोकाचा घ्याच. बरोबर मऊ ब्रश, ९० टक्क्यांहून जास्त शुद्धतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, तंतू न सुटणारं फडकं, थर्मल पेस्टची एक ट्यूब आणि जुनं प्लास्टिक कार्ड. एका कागदावर कन्सोलचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. स्क्रू लांबीला वेगवेगळे असतात, आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो बोर्डात घुसू शकतो. प्रत्येक थर काढण्याआधी फोटो काढा.

भीती बाळगायचीच तर ती चपट्या केबलींची बाळगा. त्यांच्या सॉकेटला बहुतेक ठिकाणी नखाएवढी लहान कडी असते. ती आधी वर करायची, मग केबल सरळ बाहेर येते. कडी न उचलता ओढलं तर सॉकेटच बोर्डावरून उपटून येतं. दुसऱ्या कन्सोलच्या वेळी मी झाकण एकदम वर उचललं आणि त्याला आतून जोडलेली केबल ताणली गेली. तुटली नाही, पण तेव्हापासून मी झाकण एका बाजूने, पुस्तकाचं पान उलटावं तसं उघडते आणि आत वाकून बघते. डिस्क ड्राइव्ह काढावा लागला तर त्याचा छोटा बोर्ड जपा. अनेक कन्सोलमध्ये तो मदरबोर्डशी जोडी जमवलेला असतो. दुसऱ्याचा लावला तर डिस्क वाचली जात नाही.

आत गेल्यावर पंख्याची पाती दिसतील. मळलेली असतीलच, पण खरी धूळ तिथे नसते. पंखा काढा आणि त्याच्यामागे हीटसिंकच्या पातळ पत्र्यांचं तोंड बघा. तिथे करडी, कापडासारखी चिकटून बसलेली पट्टी सापडेल. ती बाहेरून दिसत नाही, म्हणून बाहेरून व्हॅक्युम लावूनही अनेकांचा कन्सोल तापतच राहतो. आणि बाहेरून हवा मारली तर ती आणखी आत ठासली जाते. पट्टी चिमट्याने अखंड उचलून काढा, उरलेलं ब्रशने पत्र्यांच्या दिशेने झाडा, मग ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने तो मोकाट वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होतं, आणि फिरणारी मोटर उलटी वीजही निर्माण करते.

तळव्याच्या तपासणीत धुळीचीच खूण दिसली असेल तर इथेच थांबा, जोडा आणि चालवून बघा. हीटसिंक उचलणं हे वेगळं, मोठं काम आहे. गरज नसताना जितकं कमी सोडवाल तितकं चांगलं.

तरीही तापत असेल तर पेस्ट. चिपचा माथा आणि हीटसिंकचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण टेकल्यावर त्यांच्यामध्ये सूक्ष्म खड्ड्यांत हवा राहते. हवेची उष्णतावाहकता ०.०२६, चांगल्या पेस्टची ५ ते १०, तांब्याची सुमारे ४०० वॅट प्रति मीटर केल्विन. या तीन आकड्यांत सगळं आलं: पेस्ट हवेपेक्षा शेकडो पटींनी बरी, पण धातूपेक्षा कितीतरी वाईट. म्हणून ती फक्त खड्डे भरायला हवी, जाड थर म्हणून नको. वर्षानुवर्षं तापून-निवून तिच्यातलं तेल सरकतं, पेस्ट कोरडी पडते, भेगाळते, आणि हवा पुन्हा आत शिरते.

हीटसिंकचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे सैल करा. चिकटून बसला असेल तर वर ओढू नका, डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवा. जुनी पेस्ट अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसा, चिपचा माथा आरशासारखा होईपर्यंत. नवी पेस्ट वाटाण्याएवढी घ्या आणि कार्डाने अख्ख्या चिपवर पातळ पसरवा. कोपरे सोडू नका, कारण कन्सोलच्या चिपवर बऱ्याचदा झाकण नसतं आणि कोरडा राहिलेला कोपरा तापतो. मेमरी चिपवर मऊ रबरासारखे थर्मल पॅड असतील. ते फाटले तर त्याच जाडीचे आणा. मूळपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त जाड घेतला तरी हीटसिंक मुख्य चिपपासून उचलला जातो आणि सगळी मेहनत फुकट जाते. पॅडच्या जागी पेस्टही चालत नाही, ती एवढी फट भरत नाही.

तुमचा कन्सोल प्लेस्टेशन ५ असेल तर मात्र हीटसिंकला हात लावू नका. त्यात पेस्टऐवजी द्रव धातू आहे. तो विजेचा वाहक आहे, एक थेंब बोर्डावर सांडला तर शॉर्ट होतो, आणि त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियमला खाऊन टाकतं. सुदैवाने त्याची बाजूची पांढरी पॅनेल हातानेच निघतात आणि आत धूळ साठण्यासाठी मुद्दाम दोन भोकं ठेवलेली आहेत. तिथे बाहेरूनच व्हॅक्युम लावता येतो. त्याने भागलं नाही तर द्रव धातूचं काम आधी केलेल्या माणसाकडेच द्या.

आणि कुठल्याही कन्सोलचा पॉवर सप्लायचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त दाब काही काळ राहू शकतो. डबा अख्खा बदलायचा, बस.

धूळ काढली, पेस्ट बदलली, पंखा फिरतोय, आणि तरीही चित्रात चौकोन येतात किंवा चित्रच येत नाही, तर बिघाड चिपच्या जोडांचा आहे. तेव्हा रीबॉलिंगवर (चिप काढून तिचं सोल्डर नव्याने बसवण्यावर) पैसे घालण्यापेक्षा नव्याचा विचार करा, हे मी माझ्या पहिल्या कन्सोलच्या अनुभवावरून सांगते. तुमच्याकडे अजून तसं काहीही दिसत नाही.

जोडून झाल्यावर कन्सोल मोकळ्यावर ठेवा, भिंतीपासून किमान १० सेंटीमीटर लांब, तोच गेम तासभर खेळा आणि पुन्हा जाळीपाशी तळवा धरा. हवा भरपूर आणि गरम लागली पाहिजे. गरम हवेला घाबरू नका. ती बाहेर येते आहे, म्हणजे आत राहत नाही. शेवटी एका चिकटपट्टीवर आजची तारीख आणि 'धूळ' किंवा 'धूळ + पेस्ट' लिहून ती कन्सोलच्या तळाला लावा. माझ्या सध्याच्या कन्सोलखाली अशा तीन पट्ट्या आहेत, आणि पेस्टचा उल्लेख फक्त एकीवर आहे.