वाचकांचे प्रश्न : ठाणे कोर्ट की सिंगापूर?

प्रश्न : मी ऐरोलीला राहते, एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. बाबा न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात सुपरवायझर आहेत. मला आंतरराष्ट्रीय व्यापारी आर्बिट्रेशनमध्ये, म्हणजे व्यापारातले वाद कोर्टाऐवजी लवादापुढे सोडवतात त्या क्षेत्रात, काम करायचंय. आमचे सर म्हणतात, ते क्षेत्र नॅशनल लॉ स्कूलच्या आणि परदेशात एलएल.एम. केलेल्या मुलांचं. बाबा म्हणतात, ओळखीच्या वकिलांकडे ठाणे कोर्टात ज्युनियर म्हणून लाग. माझं इंग्रजी वाचन-लेखन बरं आहे, बोलताना मात्र अडखळते. काय करू?
– स. म., ऐरोली

उत्तर : बाबांचं ऐक, पण दोन वर्षांपुरतं.

ठाणे कोर्टात तुला रोज उलटतपासणी बघायला मिळेल. साक्षीदाराला कागद कधी दाखवायचा, कुठे थांबायचं, हे तिथे डोळ्यांसमोर घडतं. मोठ्या फर्ममध्ये लागलेली मुलं सुरुवातीची वर्षं टिपणं काढतात, बाडं लावतात. साक्षीदारासमोर उभं राहायची पाळी त्यांच्यावर फार उशिरा येते. आर्बिट्रेशनमध्ये साक्षीदाराचं म्हणणं आधीच लेखी जबाबात आलेलं असतं, त्यामुळे सुनावणीचा मोठा वेळ उलटतपासणीतच जातो. कोर्ट नाक्यावर शिकलेलं तिथे थेट कामाला येतं.

दोन वर्षांनंतर मात्र फोर्ट गाठ. करारातला एक पक्ष परदेशी असला की 1996 च्या लवाद कायद्याखालचे महत्त्वाचे अर्ज जिल्हा न्यायालयात येतच नाहीत. निवाड्याला आव्हान देणारा कलम 34 चा अर्ज हायकोर्टात जातो आणि लवाद नेमण्यासाठीचा कलम 11 चा अर्ज थेट सुप्रीम कोर्टात. ते काम करणाऱ्या चेंबरमध्ये बसल्याशिवाय ते दिसणार नाही. सुरुवातीला पैसे कमी मिळतील. भाडं भरावं लागत नाही, घर ऐरोलीला आहे, हे तुझं मोठं भांडवल आहे. बाहेरगावाहून आलेल्या कित्येक हुशार मुली या एका खर्चापायी हे काम सोडून गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता सरांच्या मुद्द्याकडे येते. हे काम कोणाचं, तर ज्याला कागद वाचता येतो त्याचं. एक प्रकरण सांगते. गोपनीयतेमुळे ओळख पटणारे तपशील बदलले आहेत. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरात युरियाचं जहाज लागलं होतं. ठरल्या मुदतीत जहाज रिकामं झालं नाही तर मालक डेमरेज, म्हणजे उशिराची भरपाई, लावतो. पावसात हॅच, म्हणजे मालाच्या कोठारांची तोंडं, बंद ठेवावे लागतात, तेवढा वेळ या करारात मुदतीत धरायचा नव्हता. पण मुदत एकदा संपली की ही सवलतही संपते, पुढचा पाऊस मोजला जातो. म्हणजे मुदत नेमकी कोणत्या तासाला संपली, यावर सगळा दावा उभा होता. जहाजाच्या बाजूने दिलेल्या तक्त्यात शेवटच्या रात्रीचा पाऊस पहाटे तीनला थांबलेला. आमच्या खोक्यात माल उतरवणाऱ्या ठेकेदाराचं रजिस्टर होतं. निळ्या बॉलपेनने लिहिलेलं, कडा भिजून फुगलेल्या. लंडनच्या वकिलांना ते वाचता येत नसल्याने कोणी उघडलंच नव्हतं. त्यात मुकादमाची नोंद होती : ‘पाऊस चालू. गँग बसून. हॅच उघडलं 6.10.’ नुसत्या रजिस्टरवर कोणी विश्वास ठेवला नसता. म्हणून वजनकाट्याच्या पावत्या काढल्या. त्या सकाळच्या पहिल्या ट्रकची पावती 6.40 ची निघाली. लवादांनी ते तीन तास मान्य केले, मुदतीचा शेवट पुढे सरकला आणि डेमरेजचा आकडा खाली आला.

तुझ्या घरात हे कागद ओळखणारा माणूस आहे. एका रविवारी बाबांजवळ बस आणि बिल ऑफ लेडिंग, गेट पास, कंटेनर ताब्यात देता-घेतानाची पावती (ईआयआर), यातलं कोण कधी आणि कोणाच्या सहीने काढतं ते विचार. खूप शिकलेल्या वकिलांनाही हे माहीत नसतं.

बोलण्याच्या इंग्रजीची मला काळजी वाटत नाही. तीन लवाद बसतात, तेव्हा एक चिनी, एक फ्रेंच, एक भारतीय असू शकतो. सगळे आपापल्या ढंगाने इंग्रजी बोलतात. लिखाणाची काळजी कर. कोणताही मोठा निकाल घे आणि त्यातल्या घटना तारखेवार एका पानात मांड. आर्बिट्रेशनसाठी परदेशी जागा दोन भारतीय कंपन्यांना निवडता येते का, हे सांगणारा सुप्रीम कोर्टाचा 2021 चा पीएएसएल विंड निकाल घे. त्याच कोर्टाच्या 2012 च्या बाल्को निकालापासून सुरुवात केलीस तर आणखी चांगलं. विशेषणाशिवाय एक पान लिहिणं फार अवघड आहे आणि ज्युनियर निवडताना मी तेवढंच बघते.

व्हिएन्नाच्या व्हिस मूटचं, विद्यार्थ्यांच्या आर्बिट्रेशन स्पर्धेचं, नाव ऐकलं असशील. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये त्याचं प्रकरण सर्वांसाठी खुलं होतं. कॉलेजची टीम जात नसली तरी ते उतरवून घे, दोन मैत्रिणी गोळा कर आणि दोन्ही बाजूंची निवेदनं लिहा.

एलएल.एम. करायचीच तर तीन-चार वर्षं काम केल्यावर. लंडनचं क्वीन मेरी, सिंगापूरचं एनयूएस विद्यापीठ, स्टॉकहोम, जिनिव्हा, सगळीकडे या विषयाचे चांगले वर्ग आहेत. पण फायली पाहिलेल्या माणसाला ते जास्त देतात, आणि कर्ज बाबांच्या डोक्यावर बसतं. सिंगापूरला आर्बिट्रेशनमध्ये बाजू मांडायला तिथली सनद लागत नाही. भारतीय पक्षकार तिथल्या एसआयएसी या आर्बिट्रेशन केंद्राकडे मोठ्या संख्येने जातात आणि 2016 पासून आपल्या मुंबईतही एमसीआयए हे तसंच केंद्र आहे. तेव्हा काम आहे. आणि न्यूयॉर्क कराराला 170 हून जास्त देश बांधलेले असल्यामुळे एका जागी मिळालेला निवाडा दुसऱ्या देशात वसूल करता येतो. हा करार आहे तोवर कामही राहणार.

लवाद म्हणून स्वतःची नेमणूक व्हायला फार वर्षं लागतात. त्या आशेवर या क्षेत्रात येऊ नकोस. कागद वाचायला आवडत असतील तर ये.

प्रश्न : मी सिव्हिल इंजिनियर, वय 46, घोडबंदर रोड. रस्ते आणि पुलांच्या कामांवर प्लॅनिंग बघतो. वकील न होता आर्बिट्रेशनमध्ये येता येईल का?
– वि. पा., ठाणे

उत्तर : नक्की येता येईल. बांधकामाच्या वादांत कामाला उशीर कोणामुळे झाला आणि त्याची किंमत किती, हे सांगायला तज्ज्ञ लागतात आणि ते बहुतेक तुमच्यासारखेच इंजिनियर असतात. ब्रिटनच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉचा डिले अँड डिसरप्शन प्रोटोकॉल, 2017 ची आवृत्ती, आधी वाचा. मग सीआयआर्ब या लवादांच्या संस्थेचे अभ्यासक्रम बघा, ते वकील नसलेल्यांनाही खुले आहेत. मात्र एक गोष्ट मनाशी पक्की करा : तज्ज्ञाची फी एक पक्ष देतो, पण त्याची बांधिलकी लवादाशी असते. ठेकेदाराच्या बाजूने दावे लिहिण्यात वर्षं गेलेल्या माणसाला हे जड जातं. आत्ताच्या साइटवरच्या दैनंदिन नोंदींतून एखाद्या विलंबाचं विश्लेषण करून बघा आणि तुमच्या कंपनीची चूक जिथे आहे, तिथे तीही लिहा. तो अहवाल ज्याला कंपनीत रस नाही अशा एखाद्या ज्येष्ठ इंजिनियरला वाचायला द्या.