वरचा एक

प्रिय सई,

शनिवारी लग्नाला निघताना मी पाकिटात १०१ डॉलर घातले तेव्हा तू म्हणालीस, "आई, वरच्या एका डॉलरचं ते काय करणार? किती ऑड दिसतं ते!" गाडीत बाबांचा ऑफिसचा फोन चालू होता, म्हणून तिथे बोलले नाही. पण लागलं जरा.

आजीचं उत्तर तुला माहीत आहे: शून्यावर थांबायचं नाही. आत्या म्हणते, वरचा एक असला की रकमेची वाटणी होत नाही, जोडपं एकत्र राहतं. लहानपणी मला हे अगदी खरं वाटायचं. बदलापूरला घरात कार्य झालं की रात्री सतरंजीवर आहेराची वही उघडायची. मामी पाकिटं फोडायची, नाना नाव आणि रक्कम लिहायचे, आणि पाकिटावर चिकटवलेले रुपये नखाने सोडवायचं काम माझं. डिंक आणि कुंकवाने बोटं लाल-चिकट व्हायची. एकदा नानांनी वहीच माझ्याकडे सरकवली. "बघ बरं, यातल्या कुठल्या रकमेची वाटणी होत नाही?"

११, १०१, १५१, २५१ या मूळ संख्या, त्या फुटत नाहीत. पण ५१ म्हणजे ३ × १७. ५०१ म्हणजे ३ × १६७. आत्याचं म्हणणं तिथेच डळमळलं. आणि त्या वहीतला सगळ्यात मोठा आहेर, १००१, तो तर ७ × ११ × १३! माझा जीव जडला तो त्याच्यावरच.

कोणतीही तीन आकडी संख्या घे आणि तीच पुढे पुन्हा लिही. समज, ५२७५२७. ७ ने भागलं की ७५३६१. त्याला ११ ने भाग, ६८५१. त्याला १३ ने, ५२७. बाकी कुठेच उरत नाही आणि तुझी संख्या तुला परत! कारण ५२७५२७ म्हणजे ५२७ हजार आणि वर ५२७, म्हणजेच ५२७ × १००१. नुसत्या हजाराला ७, ११, १३ यांपैकी कोणानेच भाग जात नाही. वरचा एक आला की तिघांनीही जातो.

मोठ्या संख्येलाही हा १००१ कामी येतो. १,६२,८५,४३७ ला ७ ने भाग जातो का? इथे आपले लाख-कोटीचे स्वल्पविराम अडचणीचे, तुझ्या शाळेतलेच बरे: १६, २८५, ४३७. आता उजवीकडून एक गट वजा, एक अधिक: ४३७ − २८५ + १६ = १६८. याला ७ ने भाग जातो, म्हणून अख्ख्या संख्येला जातो. ११ आणि १३ साठीही हीच युक्ती.

यामुळे कोणाचा संसार टिकतो असं मी म्हणत नाही. पुढे मैत्रिणींच्या लग्नात तू शंभर दे, गिफ्ट कार्ड दे, मी आग्रह करणार नाही. मी मात्र वर एक ठेवणार. आणि आत्याला फोन करशील तेव्हा १०००१ ची वाटणी होते का, ते विचार. होते, ७३ × १३७. पण लगेच सांगू नकोस, तिला शोधू दे.

तुझी,
आई